बदलापूरला भाड्याचं घर घेण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बदलापूरला भाड्याने घर घ्यावं का, असं तू विचारलंस. जरूर घे, पण स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असेल तरच. कात्रप-शिरगावच्या आतल्या बाजूला भाडं कमी पडतं, मात्र तिथून शेअर रिक्षावर अवलंबून राहावं लागतं. सकाळी रिक्षाला रांग असते आणि जोराच्या पावसात रिक्षाच मिळत नाही. ठरलेली लोकल चुकली की दिवसाचं गणित कोलमडतं.

हिशेब उंबरठ्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा कर. तुझ्या चकाल्याच्या ऑफिसला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो. फास्ट लोकलला सव्वा तास, पूल-तपासणी-मेट्रोला अर्धा तास, दोन्हीकडच्या चालण्याला वीस मिनिटं. म्हणजे जायला दोन तास आणि यायलाही तेवढेच. हे रोज जमणार आहे का, ते वहिनींशी बोलून आधी ठरवा.

सकाळी बदलापूरहून सुटणारी लोकलच पकड; कर्जत-खोपोलीची भरूनच येते. सुटणाऱ्या गाडीतही अंबरनाथचे लोक ‘डाऊन’ करून, म्हणजे जागेसाठी उलट्या दिशेने बदलापूरला येऊन, आधीच बसलेले असतात, त्यामुळे जागेची खात्री धरू नकोस. संध्याकाळी घाटकोपरला गाडी खचाखच भरून येते आणि डोंबिवली-कल्याणपर्यंत उभंच राहावं लागतं. इंडिकेटरवर ‘बीएल’ (बदलापूर) किंवा ‘एस’ (कर्जत) बघून चढ. ‘एन’ म्हणजे कसारा, ती कल्याणनंतर दुसरीकडे वळते.

या मार्गावर उशीर होतो त्यालाही कारण आहे. कल्याणपर्यंत फास्ट आणि स्लोचे रूळ वेगळे आहेत, पुढे मात्र एक जाणारा आणि एक येणारा. पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही त्यावरूनच धावतात. एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या रखडतात. तिसरी-चौथी मार्गिका पूर्ण होईपर्यंत हे असंच चालणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उल्हास नदी. ती स्टेशनच्या पश्चिमेला आहे. 26 जुलै 2005 ला पाणी घराघरांत शिरलं होतं. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. हेंद्रेपाडा, रमेशवाडीकडे तळमजला अजिबात घेऊ नकोस. पुराबद्दल एजंटला विचारण्यापेक्षा इमारत नीट बघ. पार्किंगच्या भिंतींना फक्त कमरेपर्यंतच नवा रंग दिलाय का? विजेचे मीटर मुद्दाम उंचावर बसवलेत का? लिफ्टच्या खड्ड्यात ओल आहे का? मग समोरच्या किराणावाल्याला विचार, 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हात करून दाखवेल.

पिण्याचं पाणी इथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. सोसायटीच्या नावावर नळजोडणी आहे का, पाणी किती वाजता येतं, टँकर महिन्याला किती लागतात, हे सेक्रेटरीलाच विचार. नव्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नसेल तर बहुधा टँकरवरच भागतं आणि तो खर्च मेंटेनन्समधून वसूल होतो. मेंटेनन्स कोण भरणार, ते करारात लिहून घे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकानेच भरायचं, तुझ्या गळ्यात पडू देऊ नकोस.

करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरी करू, चालतं’ असं म्हणाला तर ऐकू नकोस. खर्च फार नाही. समज, भाडं 8,000 आणि डिपॉझिट 30,000. 11 महिन्यांचं भाडं 88,000, अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं 11 महिन्यांचं व्याज 2,750, मिळून 90,750. त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे 227 रुपयांच्या आसपास. नोंदणी फी 1,000. आधार आणि बोटांचे ठसे देऊन हे घरबसल्या होतं, एजंटची फी तेवढी आधी ठरवून घे.

टोकन देण्यापूर्वी एका कामाच्या दिवशी सकाळी त्या घरापासून निघून चकाल्यापर्यंत जा आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत परत ये. रविवारी जाऊ नकोस, मेगाब्लॉकमुळे अंदाज येत नाही.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. लॉक-इन, म्हणजे मध्येच घर सोडता येणार नाही अशी मुदत, किती महिन्यांचं लावलंय आणि घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापण्याचं कलम घातलंय का, ते मला बघायचं आहे.

तुझा,
मकरंद