कॅन उघडल्याशिवाय बॉल डेड आहे, म्हणजे त्यातली हवा गेली आहे, हे कळणार कसं?

दि. 17 जानेवारी 2022
नेरूळ, नवी मुंबई

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
क्रीडासाहित्य विक्री विभाग

विषय: 8 नोव्हेंबर 2021 च्या ऑर्डरमधले निकामी टेनिस बॉल, उशिरा आलेला माल आणि नाकारलेला परतावा

महोदय,

नेरूळ आणि सीवूड्समधल्या चार सोसायट्यांच्या मुलांसाठी आम्ही काही पालक मिळून टेनिस लीग भरवतो. भाऊबीज आटोपली आणि 8 नोव्हेंबरला मी तुमच्याकडे 48 कॅनची, म्हणजे प्रत्येकी तीन बॉलच्या सीलबंद डब्यांची, ऑर्डर दिली. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी हिरव्या ठिपक्याचे 8 आणि मोठ्यांसाठी नेहमीचे पिवळे 40. सगळे मिळून 19,200 रुपये आगाऊ भरले. पाच दिवसांत माल मिळेल असं सांगितलं होतं. तो 2 डिसेंबरला मिळाला. भिवंडीच्या गोदामातून नेरूळला, म्हणजे एकाच जिल्ह्यात, यायला चोवीस दिवस लागले.

अठ्ठावीस मुलांना एवढे कॅन कशाला, असं तुमच्या प्रतिनिधीने तेव्हा विचारलं होतं. कारण कोरोनाचं होतं. आमच्या लीगमध्ये प्रत्येक मूल स्वतःच्याच बॉलने सर्व्ह करतं. समोरच्याचा बॉल आपल्या बाजूला आला तर तो हाताने उचलायचा नाही, रॅकेटने पलीकडे ढकलायचा. सामना संपल्यावर हात मिळवायचे नाहीत. ओळखू यावेत म्हणून मुलांनी मार्करने बॉलवर खुणा केल्या होत्या, कुणी आद्याक्षर, कुणी चांदणी. या वयाच्या मुलांना तेव्हा लस मिळत नव्हती, म्हणून पालकांनी एवढी काळजी मान्य केली आणि त्यासाठीच जास्तीचे पैसे काढले. टेनिसमध्ये दोघांच्या मधे नेट असतं, कोर्ट 23.77 मीटर लांब असतं, म्हणजे दोघं लांबच राहतात. 5 ऑगस्ट 2020 पासून राज्यात सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी मिळाली तेव्हा मल्लखांबासोबत टेनिसचंही नाव त्या यादीत होतं. तरी सोसायट्यांनी कोर्टांची कुलपं काढायला वेळ लावला, नंतर दुसरी लाट आली. आमच्यातल्या बहुतेक मुलांच्या हातात रॅकेट नीट परत आली ती या दिवाळीनंतर.

4 डिसेंबरच्या सकाळी पहिले कॅन उघडले. नवीन कॅनचं झाकण ओढलं की आत कोंडलेली हवा सुटून फुस्स असा आवाज येतो, खेळणाऱ्याला तो ओळखीचा असतो. अकरा कॅन उघडले, त्यातले दोनच वाजले. बाकीच्यांतून काहीच आवाज नाही, आणि बॉल बोटांनी दाबला तर चेपत होता.

तरी सामने सुरू केले, कारण मुलं सातपासून येऊन उभी होती. एक बारा वर्षांची मुलगी फोरहँडसाठी नेहमीसारखी थांबायची, बॉल कमरेपर्यंत येईल म्हणून. तो गुडघ्यापाशीच बसायचा आणि तिचा फटका नेटमध्ये जायचा. तीन गेम असे गेल्यावर ती कोर्टाच्या कडेला आली, मास्क हनुवटीवर ओढला आणि मला म्हणाली, "काकू, मी टेनिस विसरले का?" दीड-पावणेदोन वर्षं घरात बसलेल्या मुलीने हे विचारलं, साहेब. दोष बॉलचा होता आणि ती तो स्वतःकडे घेत होती. या पत्रातली माझी खरी तक्रार ही आहे. पैशांची त्यानंतर येते.

दुपारी आम्ही भिंतीवर टेपने 254 सेंटिमीटरची खूण केली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार एवढ्या उंचीवरून सोडलेला पिवळा बॉल टणक जमिनीवर 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. न वाजलेल्या नऊ कॅनमधले 27 बॉल 108 ते 115 च्या मधेच राहिले. हिरव्या ठिपक्याचा बॉल मुद्दाम कमी उसळणारा बनवतात, त्याची मर्यादा 120 ते 135. तुमच्याकडचाच हिरवा बॉल 126 आला. म्हणजे लहान मुलांचा बॉल मोठ्यांच्या बॉलपेक्षा वर जात होता. सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरण आहे, ते 6 डिसेंबरच्या तक्रारीसोबत पाठवलं आहे.

त्यावर तुमच्याकडून फोनवर दोन कारणं मिळाली. पहिलं, 1 डिसेंबरचा अवकाळी पाऊस. पेटी कोरडी होती आणि बॉल सीलबंद कॅनमध्ये होते, त्यांना पाऊस कुठून लागणार? दुसरं, "उघडलेला माल परत घेत नाही." बॉलमधली हवा गेली आहे की नाही हे कॅन उघडल्याशिवाय ग्राहकाला नीट कळत नाही. मग या नियमाने खराब बॉल परत करायची सोय उरते कुठे? आणि न उघडलेले 29 कॅन तरी का नाकारलेत, याचं उत्तर तर मिळालेलंच नाही.

11 डिसेंबरचा शनिवार-रविवार तुमच्या उत्तराची वाट बघण्यात गेला. शेवटी वाशीतल्या दुकानातून 5,400 रुपयांचे 12 कॅन घेतले आणि 18 तारखेपासून खेळलो. लीग 20 नोव्हेंबरला सुरू होऊन 9 जानेवारीला संपायची होती. आठपैकी चारच आठवडे खेळता आले. 10 जानेवारीपासून राज्यात नवे निर्बंध लागू झाले, स्पर्धा थांबल्या आणि उपांत्य व अंतिम सामने राहून गेले. लाट तुम्ही आणली नाही, हे मला कळतं. पण तिच्या आधी मिळालेले चार आठवडे तुमच्यामुळे गेले.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे सदोष किंवा ठरल्यापेक्षा उशिरा पोहोचलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि तक्रारीचा निकाल एका महिन्यात लावायचा असतो. माझा महिना 6 जानेवारीला संपला. चाळीस पिवळ्या कॅनचे 16,000 रुपये आणि दुकानातून घ्याव्या लागलेल्या बॉलचे 5,400 रुपये 31 जानेवारीपर्यंत परत करावेत. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. हिरव्या कॅनबद्दल तक्रार नाही, ते चांगले निघाले.

उघडलेले अकरा आणि सीलबंद एकोणतीस कॅन सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये ठेवले आहेत. तुमचा माणूस पाठवा. बाकीचे त्याच्यासमोर उघडू, त्याच खुणेवरून मोजून दाखवू. संध्याकाळी सहानंतर आमच्यापैकी कुणीतरी तिथे असतंच.

आपली,
एक पालक आणि लीगची संयोजक