नामाक्वालँडला जाण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टअखेर स्प्रिंगबॉकला फुलं बघायला चालला आहेस, तर खडकांवरही नजर टाकत जा. जगातलं सर्वांत छोटं जमिनीवरचं कासव दक्षिण आफ्रिकेच्या त्याच वायव्य कोपऱ्यात राहतं, दुसरीकडे कुठेच नाही. शास्त्रीय नाव केर्सोबियस सिग्नेटस. जुन्या पुस्तकांत होमोपस म्हणून सापडेल. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत 'पाडलोपर' म्हणतात, म्हणजे वाटेनं चालणारा. पण तू वाटेवर शोधू नकोस, कपारीत शोध.

नर साधारण ६ ते ८ सेंटिमीटर, मादी १० च्या आसपास. हापूस आंब्याहून हलकं. कवच चपटं, कड करवतीसारखी, रंग फिकट गुलाबी-नारिंगी आणि त्यावर काळे ठिपके. हुबेहूब तिथल्या खडकासारखं, त्यामुळे समोर असूनही दिसत नाही. तिकडे सूर्य उत्तरेकडून तापतो, म्हणून गार सकाळी उत्तरेला उघडणाऱ्या भेगांची तोंडं बघ. आत काठी मात्र घालू नकोस.

तिथला पाऊस हिवाळ्यातला आणि अगदी तुटपुंजा. आपल्या आंबुशीच्या कुळातली रोपं, बारीक रानफुलं उगवतात त्या थोड्या आठवड्यांत त्याला वर्षाची बेगमी करायची असते. पाऊस हुकला की वाढ थांबते, आणि थांबूनच राहत नाही: कवच चक्क आक्रसतं. हे मोजमापांतून सिद्ध झालंय. मला या प्राण्याबद्दल सर्वांत जास्त हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

मादी एका वेळी एकच अंडं घालते. क्ष-किरण चित्रांत ते अंडं कमरेच्या हाडांमधल्या फटीहून मोठं दिसलं. घालताना ती हाडं थोडी सरकतात, तेव्हाच ते बाहेर येतं. एकेक अंड्यावर चालणारी ही जात दुष्काळी वर्षांची तूट लवकर भरून काढू शकत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ती 'संकटग्रस्त' आहे.

भर म्हणून पांढऱ्या छातीचा कावळा. त्या उघड्या मुलखात झाडं नाहीत, पण तारांच्या खांबांवर त्याला घरटं बांधता येतं, आणि छोटी कासवं तो फोडून खातो. तेव्हा उरलेला डबा तिथं टाकू नकोस, कावळे अन्नाच्या मागोमाग येतात.

दिसलं तरी उचलू नकोस. घाबरलं की साठवलेलं पाणी मूत्रावाटे सोडून देतं, आणि ते पुन्हा भरायला पुढच्या पावसाची वाट बघावी लागते. रस्त्याच्या मधोमध असेल तरच उचल: दोन्ही हातांनी, आडवं, जमिनीलगत, आणि ज्या दिशेनं तोंड होतं त्याच बाजूला ठेव.

फोटो जरूर काढ, पण मोबाइलमधली स्थाननोंद आधी बंद कर. चोरून पकडणाऱ्यांना नेमकी कपार कळायला तेवढंच पुरतं.

तुझा,
श्रीधर