झेरॉक्समध्ये उडालेले ठिपके

विश्रामबाग, सांगली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ओरिगामीतल्या, म्हणजे कागदाला घड्या घालून करायच्या, शिंगवाल्या भुंग्याच्या आकृत्यांवर तुम्ही पेन्सिलीने केलेल्या खुणा आता आमच्या सगळ्यांच्या प्रतींवर उतरल्या आहेत. नुसतं धन्यवाद म्हणून भागणार नाही, कुठली गाठ कशी सुटली तेही लिहितो. पत्र उघडं ठेवलंय ते अशाच पायरीवर अडलेल्या इतरांसाठी.

पहिला गुंता झेरॉक्सचाच. तुटक रेघ म्हणजे दरी (आत दबणारी घडी), मध्ये ठिपके असलेली तुटक रेघ म्हणजे डोंगर (वर उठणारी घडी), नुसते ठिपके म्हणजे कागदाच्या पदराआड, थराखाली, लपलेली कड, हे पाठ असतं. पण फिक्या प्रतीत ठिपके आधी उडतात आणि डोंगराची दरी होते! तिथे तुम्ही बाणाकडे बघायला लावलंत. दरीच्या बाणाचं टोक पूर्ण असतं, डोंगराच्या बाणाचं पोकळ आणि एका बाजूचं. पान जपानी असेल तर तळाच्या आडव्या रेघेवर तीन उभ्या रेघा असलेलं अक्षर शोधायचं. ते ‘यामा’, म्हणजे डोंगर.

दुसरी खूण समासात मोठ्या अक्षरात होती: ‘आधी पुढचं चित्र.’ बाण अंगठ्याने झाकायचा, पुढच्या चित्रात टोकं किती, कडा किती, कागदाची पांढरी बाजू कुठे दिसते हे मोजायचं, आणि मगच हातातल्या कागदाकडे यायचं. मध्ये वेटोळ्याचा बाण असेल तर मॉडेल उलटलंय, म्हणजे डावं-उजवं बदललंय. निम्म्या चुका इथेच होतात.

‘आकृतीवर पट्टी लावू नका’ हे मात्र जन्मभर ड्रॉइंग बोर्डापाशी उभं राहिलेल्या माणसालाच सुचावं. पदर वेगळे दिसावेत म्हणून चित्रकार कडा मुद्दाम सरकवतो, त्यामुळे चित्रावर मोजलेलं माप कागदावर चुकतं. रेघ कुठून निघते आणि कोपरा कुठे टेकतो, ते दोन बिंदू शोधायचे. ते सापडले नाहीत तर ती कोन दुभागणारी घडी आहे का बघायचं. पुष्कळ मॉडेल्स २२.५ अंशांवरच उभी असतात.

सगळ्यात मोठं ऋण सिंकच्या, म्हणजे टोक आत बुडवायच्या, पायरीचं. आकृतीत एक आडवी रेघ आणि एक जाड बाण, बास. कागद उलगडल्यावर काय व्हायला हवं ते तुम्ही वॉटरबॉम्ब बेसवर (चौरस कागदाच्या कर्णांवर आणि मधल्या आडव्या रेघेवर घड्या पाडून होणाऱ्या त्रिकोणी घडणीवर) काढून दाखवलंत. सिंकची ती रेघ उलगडली की मधल्या बिंदूभोवती छोटा चौरस होतो. बाहेरच्या बाजूने पाहिलं तर त्या चौरसाच्या चारही बाजू डोंगर हव्यात, आणि आतल्या सहाही घड्या उलट्या: कर्णांवरच्या चार डोंगरांच्या दऱ्या, दोन आडव्या दऱ्यांचे डोंगर. बिघडतं ते बहुधा चौरसाच्या दोन बाजूंच्या मध्यावर, जिथे कागदाची मधली आडवी घडी चौरसाला छेदते. कोपऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, हे दोन बिंदू जुनीच घडी धरून बसतात आणि टोक आत न जाता चुरगळतं. म्हणून चौरसाची घडी आधी दोन्ही बाजूंनी पाडून घ्यायची.

पडताळा जपानी ओरिगामीकार जुन माएकावांच्या नियमाने: सपाट बसणाऱ्या आतल्या कुठल्याही बिंदूवर डोंगर आणि दऱ्यांच्या संख्येत दोनचाच फरक. सिंकच्या चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन डोंगर, एक दरी. आकृतीत दोन-दोन दिसले तर एखादी घडी चित्रात लपली आहे, नाहीतर त्या पायरीला मॉडेल सपाट नाही. उघडं सिंक की बंद, हे पुढच्या पायऱ्यांवरून ओळखायचं. बंद सिंकमध्ये पदर एकमेकांत अडकतात, त्यामुळे पुढे ते सुटे करून उलटवले असतील तर सिंक उघडंच.

कागदाबद्दलही तुमचंच खरं. १५ सेंमीच्या कागदाचे ६४ भाग केले तर एक भाग जेमतेम २.३ मिमी, ३५ सेंमीच्या ब्राउन पेपरवर तोच साडेपाच मिमीच्या आसपास. सराव मोठ्यावरच. पावसाळ्यात मात्र तोही दमट होऊन घडी धरत नाही.

पायरी ८३ ला तुम्ही फक्त प्रश्नचिन्ह केलंय. तिथल्या एका बिंदूवर आम्हाला तीन डोंगर आणि तीन दऱ्या सापडतात. झेरॉक्स परत करायला येऊ तेव्हा ३५ सेंमीचा कागद बरोबर आणतो.

आपले नम्र,
घड्या घालणारी विश्रामबागेतली मंडळी