जाळ अन् धूर संगटच नको

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० मे

प्रिय बंड्या,

तुझं पत्र परवा मिळालं. घरात लाकडावरचं काय घ्यावं असं विचारलंस, त्यात चारपैकी तीन पानं त्या काचेच्या दाराच्या विलायती स्टोव्हवर खर्ची घातलीस आणि घराबद्दल मोजून दोन ओळी. लेका, उलटं लिहायला पाहिजे होतंस. बरं झालं वहिनींनी खाली बारीक अक्षरात भर घातली. गगनबावड्याच्या अलीकडं दोन खोल्या, वर कौलं, मागं पडवी, माणसं तीन, आणि काकूंना दमा. तुझ्या तीन पानांपेक्षा त्यांच्या दीड ओळीत जास्त माल आहे.

आधी त्या विलायती स्टोव्हचा कंडका पाडूया. वस्तू वाईट नाही, पण ती खोली तापवायला केलेली आहे. पाच किलोवॉटचा स्टोव्ह म्हणजे दोन किलोवॉटचे अडीच हीटर एकदम लावल्यासारखं, आणि त्याला तासाला दीड किलोच्या वर सुकं लाकूड लागणार. तुझी खोली दहा बाय बारा. आपल्याकडं पावसाळ्यात गारठा कमी, ओल जास्त. अर्ध्या तासात तू बनियनवर येशील आणि तासाभरानं पडवीत जाऊन बसशील. तो बर्फ पडणाऱ्या मुलखातला माल. काचेतून जाळ बघायचाच असेल तर दोन दिवस माझ्याकडं ये, गल्लीत होळी बघ.

मग तुला लाकूड जाळायचंय कशासाठी? माझ्या हिशेबानं तीन कामांसाठी. रोजचं अंघोळीचं पाणी, सिलिंडर आला नाही तर दोन वेळचं जेवण, आणि रविवारचं मटण. तिसरं तू लिहिलं नाहीस, पण तुला मी ओळखतो. दुसऱ्याला हसू नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, गावात ना गॅसची गाडी ना नळाला पाणी. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण सिलिंडर संपला तो नेमका त्याच आठवड्यात. परड्यात तीन विटा मांडून आईनं सहा दिवस घर चालवलं. तुझा रस्ता तर दर पावसाळ्यात कुठं ना कुठं पाण्याखाली जातोच.

त्या तीन विटांवरच माझं डोकं चालायला लागलं. एका माणसाला अंघोळीला वीस लिटर पाणी धर. वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं तर पाण्याला साधारण २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. चांगल्या सुकलेल्या लाकडाच्या एका किलोत सोळाच्या आसपास असते. म्हणजे खरं तर मूठभर काटक्यांचं काम. पण उघड्या तीन विटांच्या चुलीत दहातला एखादाच भाग भांड्याला लागतो, बाकीचा वाऱ्यावर. सव्वा किलोच्या वर लाकूड जातं. चुलीनं पंचवीस टक्के भांड्याला दिलं तर अर्ध्या किलोत काम होतं. तुमची माणसं तीन. रोजचा फरक सव्वादोन किलोच्या पुढं, वर्षाचा साडेआठशे किलोच्या आसपास. वखारीतून विकत घेतलंस तर पैशात मोज, स्वतः फोडलंस तर कमरेत मोज.

पंचवीसचा आकडा मी मनानं घेतलेला नाही. तयार चुलींसाठी आपल्याकडं आय.एस. १३१५२ नावाचं मानक आहे. पंखा नसलेल्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता हवी असं त्यात आहे. दुकानात गेलास तर तेवढं विचार. दुकानदारानं तोंडाकडं बघितलं तर सरळ बाहेर पड.

मी हे विचारलं नव्हतं. पुरानंतर हौसेनं बाजारातून पत्र्याची चूल आणली. आठशे रुपयांत मिळाली म्हणून कौतुक, आणि पत्रा वहीच्या पुठ्ठ्याएवढा. धुराड्यासाठी कौलं काढायला नकोत म्हणून दोन कोपरे मारून पाइप खिडकीतून काढला, तोही पश्चिमेला. जुलैतली एक सकाळ सांगतो. आई भाकरी थापत होती. पश्चिमेचा वारा पाइपाच्या तोंडात शिरला आणि ओकारी यावी तसा सगळा धूर चुलीच्या तोंडातून घरात आला. आईचे दोन्ही हात पिठाचे. तिनं मनगटानं डोळे पुसले, तोवर तव्यावरची भाकरी करपली. एवढंच म्हणाली, "हे धुराडं कुणाच्या सल्ल्यानं बसवलंस?" मी गप्प. सल्ला माझाच होता. दिवाळीपर्यंत चुलीचं बूड जळून चाळण झालं आणि ती भंगारात गेली.

आपल्या गावात कुठल्याही भारी गोष्टीला "जाळ अन् धूर संगटच" म्हणतात. बोलायला झकास आहे, पण चुलीच्या बाबतीत हीच गोची आहे. धूर म्हणजे न जळलेलं जळण. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो. त्याला पुरेशी आच आणि हवा मिळाली तर तो जळून जाळ होतो, नाही मिळाली तर धूर होऊन काकूंच्या छातीत जातो. म्हणून चूल बघताना ती किती लाकूड खाते हे नंतर बघ, धुराला जळायला ती जागा देते का ते आधी बघ.

ती जागा देणारी सगळ्यात स्वस्त चूल म्हणजे रॉकेट चूल. नाव फटाक्याचं आहे, करणी साधी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनिआर्स्की नावाच्या माणसानं तिचे नियम बसवले. इंग्रजी एल आडवं-उभं असावं तसा मार्ग. आडव्या भागातून लाकूड आत सरकवायचं, उभ्या भागात जाळ वर चढतो आणि त्या चढणीतच धूर जळतो. लाकडाखाली एक पट्टी ठेवायची, म्हणजे वर लाकूड आणि खालून हवा. लाकूड अंगठ्याएवढं बारीक हवं, आणि जळेल तसं पुढं ढकलायचं. ओंडका घालून रानात निघून जाणाऱ्याची ही चूल नाही.

एक गोष्ट इथं सगळे चुकतात, मीही चुकलो. आपल्याला वाटतं, चुलीला जाड मातीचा लेप दिला की ऊब धरून राहील. ऊब धरतेच, पण ती भांड्याच्या वाटणीची. वीस मिनिटांच्या स्वयंपाकात अर्धा जाळ माती तापवण्यातच जातो. त्या उभ्या मार्गाभोवती हलकं, पोकळ काहीतरी हवं. सगळ्यात सोपी म्हणजे चाळलेली राख. दोन पत्र्यांमध्ये राख ठासून भरायची. फुकट आहे आणि चूल वापरशील तशी घरातच तयार होते.

आता तोटाही सांगतो, नाहीतर वहिनी मला शिव्या घालतील. रॉकेटचा जाळ मधोमध लागतो. पातळ तव्यावर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. बिडाचा जाड तवा घ्यावा लागेल. दुसरं म्हणजे, भाकरी शेवटी चुलीच्या तोंडाशी आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभी करून फुगवायची असते, आणि या चुलीत आर फारसा साठतच नाही. मी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून तीन मिलिमीटर पत्र्याची करून घेतली तेव्हा तोंड पाच इंच ठेवलं आणि खाली बिडाची जाळी टाकली. कोल्हापुरात बिडाचं काय, पाव किलोची जाळीसुद्धा कुठल्यातरी फौंड्रीच्या कोपऱ्यात सापडते. आर जाळीतून खाली पडतो, तो चिमट्यानं पुढं ओढून भाकरी टेकवायची. आईनं पहिल्याच दिवशी सात भाकऱ्या केल्या. पाच फुगल्या. दोन पिठामुळं नाहीत असं ती म्हणते.

तोंड मात्र पाचाच्या पुढं नेऊ नकोस. आमच्या काकींच्या गावी सरकारी योजनेत निर्धूर चूल आली होती ती आठवते? आपण सुट्टीत जायचो तेव्हा. ओंडके आत जाईनात म्हणून कुणीतरी पहारीनं तिचं तोंड मोठं केलं. त्या दिवसापासून घरभर धूर, आणि दोष सरकारला. ती देशभरातली योजना २००२ मध्ये बंद झाली, पण मला वाटतं निम्म्या चुली पहारीनंच मेल्या असतील.

धुराडं. बाकी कशावर कंजूषपणा कर, यावर नको. चुलीला पुढं मुख्य भांडं, मागं वैल, म्हणजे त्याच जाळावरचं दुसरं तोंड, आणि वैलाच्या मागून पाइप, असं बसव. जाळ दोन भांड्यांखालून जातो आणि वैलावर डाळ आपोआप शिजते. पाइप सरळ उभा, एकही कोपरा नको, चुलीच्या आतल्या मार्गापेक्षा अरुंद नको आणि आढ्याच्या वर दोन फूट तरी निघालेला. वर टोपी घाल, नाहीतर पाऊस आत येईल. नळाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उरलाय म्हणून चुलीलगत जोडू नकोस, तापल्यावर त्या जस्ताच्या लेपाची वाफ येते आणि ती छातीला वाईट. साधा काळा लोखंडी पाइप घे. वाशापासून दीड फूट लांब ठेव. ते जमत नसेल तर कौलं हलव, वासा कापू नकोस. पाइप कौलातून जातो तिथं पत्र्याची तिरकी झालर लाव. मी ती लावली नव्हती म्हणून पहिल्या वळवालाच आमटीत काजळी पडली. महिन्यातून एकदा पाइपातून गोणपाटाचा बोळा ओढ. ओलं लाकूड जाळलंस तर आतून डांबरासारखा थर बसतो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो.

ओल्या लाकडाचं तर विचारूच नकोस. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनानं अर्धं पाणीच असतं. वखारवाला किलोवर विकतो, म्हणजे तू पाणी विकत घेतोस, घरी आणतोस आणि परत लाकूडच जाळून ते उकळवतोस. दोन फाटी एकमेकांवर वाजवून बघ. टणटण आवाज आला तर घे, थप्प आला तर पुढच्या वर्षासाठी ठेव. टोकाला चिरा पडलेल्या असाव्यात. बाभूळ मिळाली तर डोळे झाकून घे, सुबाभूळही चालते. आंबा धुरकट, शेवगा नुसता भुसा. बांबूची पेरी फुटतात आणि ठिणग्या उडतात, काकू शेजारी बसत असतील तर नकोच.

पाण्यासाठी मात्र या चुलीवर हंडा चढवू नकोस. बंब घे. तुमच्या जुन्या वाड्यातला तांब्याचा बंब कुठं गेला? भावानं नेला असेल तर भांडून परत आण. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, आणि तीच नळी धुराडं. एवढी शहाणी वस्तू कुणी इंजिनिअरनं नंतर सुधारलेली मी बघितली नाही. पडवीत ठेव म्हणजे धुराचा प्रश्नच नाही. त्याला करवंट्या, मक्याची बुरकुंडं, चिपाडं, शेणी, काहीही चालतं. तुझ्या वाटेवर गुऱ्हाळं आहेत, त्यांना चुलवाणासाठी चिपाड लागतंच, पण ओळखीवर एखादी पेंढी मिळेल. फक्त पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, सांध्याचा डाग सुटतो आणि तोटीतून रडायला लागतो.

आणि एक, हे वहिनींना मोठ्यानं वाचून दाखव. रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी काकूंच्या खोलीत नेऊन दार लावायचं नाही. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपल्याला तो बिनधोक वाटतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. काकूंना गरम पाण्याची पिशवी द्या.

पैशाचं म्हणशील तर माझी चूल साडेतीन हजारात बसली, जाळी धरून. पाइप, टोपी आणि झालर यांना त्याहून थोडे जास्त गेले. तुझा बंब घरचा निघाला तर उरलेल्या पैशात पडवीला जळणासाठी चार पत्रे टाक. पन्हाळ्याच्या रस्त्याला "चुलीवरचं मटण" अशा पाट्या लागल्यात, त्यातल्या एकाच्या मागं मी चक्कर टाकली तर निळा सिलिंडर. तुझ्याकडं निदान खरी चूल असेल.

मृग लागायच्या आत जळण पत्र्याखाली गेलं पाहिजे, म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे आहेत. येत्या आठवड्यात एके सकाळी उद्यमनगरात जाऊ. येताना तीन मापं आण: तुमच्या सगळ्यात मोठ्या पातेल्याच्या बुडाची रुंदी, चुलीच्या जागेपासून आढ्यापर्यंतची उंची, आणि दोन वाशांमधलं अंतर. तिसरं माप वहिनींना घ्यायला सांग. तुझ्या टेपवर माझा भरवसा नाही, शाळेत बाक मोजतानाही तू चार इंच चुकला होतास.

काकूंना नमस्कार. आई विचारते, त्यांना अजून मेथीची भाकरी चालते का?

तुझा,
अण्णा