सोनूला, रविवारच्या फोननंतर

सोनू,

काल तू फोन ठेवलास आणि तुझी आई बराच वेळ ओट्यापाशीच उभी होती. मला झोप लागली नाही म्हणून आता लिहितोय. इंग्लिशचा कोर्स सोडू नकोस हे मी लिहिणार नाही, फोनवर दोनदा बोललो तेवढं पुरे.

तू म्हणालीस, पप्पा, बी.कॉम. फर्स्ट क्लास आणि इथे अमेरिकेत कॉलेजात मला पॅराग्राफ कसा लिहायचा ते शिकवतायत, फी पूर्ण आणि डिग्रीत क्रेडिट शून्य. मला कळतं गं. वर्गात तिथंच जन्मलेली, घरी स्पॅनिश बोलणारी पोरं फाडफाड इंग्लिश बोलतात आणि तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. पण पास्ट परफेक्ट म्हणजे काय असं मॅडमनी विचारलं तेव्हा सांगितलं कोणी, तूच ना? हे मी आईला तीनदा सांगितलं, शेजारच्या काकूंनाही.

तुझा निबंध मी फोटो मोठा करून वाचला. लाल खुणा सतरा, त्यातल्या अकरा नुसत्या ए, ॲन, द च्या. आता मराठीत हे नाहीच, आपण 'पुस्तक आण' म्हणतो, कुठलं ते समोरच्याला कळतं. मुद्दा पहिल्याच पॅराग्राफमध्ये हवा असं मॅडमनी लिहिलंय, आणि मी तुला शिकवलं होतं की आधी सुविचार, मग वर्णन, मुद्दा शेवटी. ती सवय माझी. इंग्लिशही तुला पाचवीपासून, २००० साली पहिलीपासून इंग्लिश सुरू झालं तेव्हा तू दुसरीत गेली होतीस, एका वर्षानं हुकलं. ते वर्ष मला अजून टोचतं.

परवा रात्री मी नेटवर याच विषयाचं वाचत बसलो. तुमच्यापासून तासाभरावर न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज आहे ना, तिथे १९७० ला सगळ्यांना प्रवेश खुला झाला, आणि तिथल्या शॉनेसी नावाच्या बाईंनी इंग्लिश लिहिण्यात कच्च्या मुलांचे सुमारे चार हजार पेपर वाचून दाखवून दिलं की चुका आळसाच्या नसतात, त्यांच्यामागे त्या मुलाचा काहीतरी हिशोब असतो. ते वाचलं आणि मी शिकवायचो ती कर्नाटक सीमेजवळची जतची शाळा आठवली. पोरांच्या घरी कन्नड. 'ते वही फाटलं', 'ते खुर्ची मोडलं' असं लिहायची आणि मी वहीभर लाल रेघा ओढायचो. अगं, कन्नडमध्ये वही काय, खुर्ची काय, निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच! म्हणजे पोरं त्यांच्या नियमाने बरोबर होती, आणि मला हे रिटायर झाल्यावर कळतंय.

शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. आधी वही दाखवेना, मग शाळेतच येईना. मी एकदा घरी गेलो, त्याची आई कन्नडमध्ये खूप काही बोलली, मला एक शब्द कळला नाही, आणि मी परत आलो. दुसऱ्यांदा गेलो नाही. काल तू 'मी ड्रॉप करते' म्हणालीस तेव्हा मला तो दिसला.

म्हणून म्हणतो, सोडू नकोस. बघ, लिहिलंच शेवटी.

कॉलेजच्या रायटिंग सेंटरला जाऊन बस, फुकट असतं म्हणालीस ना. एका वेळी एकच चूक धर, या आठवड्यात फक्त 'द'. आणि मॅडमना विचार की रेग्युलर इंग्लिशला बसून सोबत जादा तास घेता येतो का, बऱ्याच कॉलेजांत आता तसं करतात म्हणे. रोज एक पान लिही, लाजू नकोस, वर्गात पुढच्या बाकावर बस... चुकलं, परत लेक्चर दिलं. दिवसभर घर बघून रात्री तू अभ्यासाला बसतेस, तुला मी काय सांगणार. माफ कर.

आत्याचं जयसिंगपूरचं मिटलं एकदाचं, सविस्तर आई सांगेल. मेतकूट पार्सलमध्ये घातलंय.

पुढचा निबंध पाठव. मी खुणा करणार नाही, नुसता वाचीन.

आणि कोर्स सोडायची शेवटची तारीख कधी असते तुमच्याकडे, ते कळव. नुसतं माहीत असावं म्हणून विचारतोय.

पप्पा