पंप घरात, औषध मात्र छातीबाहेर

महोदय,

कापसाच्या जिनिंग सुरू झाल्या, शेतात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) पेटू लागल्या की दम्याच्या लेकरांचे आईबाप धास्तावतात. पंप (इनहेलर) घरात असतो, पण ‘लागू पडत नाही’ म्हणून तो कपाटात जातो. चूक बहुतेक वेळा पंप देण्याच्या पद्धतीत असते.

चार-पाच वर्षांखालच्या मुलाला पंप दाबताक्षणी श्वास ओढणे जमत नाही. पंप थेट तोंडात धरला तर बरेचसे औषध जिभेला आणि घशालाच लागते. मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामध्ये बसणारी प्लास्टिकची नळी, हवाच, मेडिकलवाल्याने ‘पंप पुरे’ म्हटले तरी.

मुलाला मांडीवर ताठ बसवा. पंप चांगला हलवून स्पेसरला जोडा. मास्क नाक-तोंड दोन्हींवर घट्ट टेकवा. गालापाशी बारीक फट राहिली तरी औषध वाया जाते. एकदाच दाबा आणि मास्क न हलवता पाच-सहा श्वास होऊ द्या. स्पेसरची झडप हलताना दिसते, तीवरून श्वास मोजावेत. दुसरा पफ (फवारा) सांगितला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून द्यावा. दोन्ही एकदम दाबले तर औषध स्पेसरमध्येच चिकटते. रडत्या मुलावर मास्क दाबून धरू नका, रडताना औषध छातीत फारसे उतरत नाही. एरवी खेळताना मास्क हाताळू द्या, बाहुलीला लावू द्या. भीती त्यानेच जाते.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत वाळवावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच धरून राहते. पंप 30 अंशांखाली ठेवायचा असतो; आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो गाडीच्या डिकीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली नको. औषध संपल्यावरही फवारा उडतो, म्हणून आकडा दाखवणारा पंप नसेल तर पफ लिहून ठेवावेत.

रोजचा स्टेरॉइडचा पंप बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. तो दिल्यावर चूळ भरायला लावा, चेहरा पुसा. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

फासळ्या आत ओढल्या जात असतील, बोलता-पिता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर धाप लागल्यावर द्यायचा पंप देत देतच दवाखाना गाठावा.

डॉक्टरांना विनंती, पंप लिहून देताना आईकडून तो एकदा समोर देऊन घ्यावा, आणि पुढच्या भेटीत पुन्हा.

– बालरोग विभागातील परिचारिका, जळगाव