टूलरूमच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवलं असतं, तर तुम्ही ते घडी घालून खिशात टाकलं असतं आणि भेटल्यावर विषयच काढू दिला नसता. म्हणून जाहीर लिहितोय. जुन्या गाड्यांसाठी परफॉर्मन्स सस्पेन्शन, म्हणजे चाकं गाडीला जोडणारे आर्म, स्प्रिंग वगैरे, बनवणारी आमची कंपनी आता बऱ्यापैकी उभी राहिली आहे. लोक विचारतात, जाहिरात कुठे केली, भांडवल कुठून आणलं? जाहिरात नावालाच होती. माल परत येणं थांबलं म्हणून कंपनी वाढली, आणि ते थांबलं तुमच्यामुळे.

सुरुवातीला आमच्याकडे हौस होती आणि थोडंफार भूमितीचं गणित. साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचं दुखणं या नादातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची पुढची सस्पेन्शन त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांच्या) टायरांसाठी आखलेली. वळणावर गाडी कलली की बाहेरच्या बाजूचं चाकही वरून बाहेर झुकतं आणि टायर कडेवर चालायला लागतो. अशा गाडीला आजचे रुंद रेडियल टायर घातले तर पैसे गेले रुंदीचे आणि काम करते फक्त कड. यावरचा उपायही जुनाच आहे. फोर्ड मस्टँगच्या वरच्या कंट्रोल आर्मची (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याची) भोकं साधारण एक इंच खाली पाडायची, की वळणातला कॅम्बर, म्हणजे चाकाचा हा झुकाव, सुधारतो. ही कल्पना फोर्डचे इंजिनियर क्लाऊस आर्निंग यांची. मस्टँगच्याच १९६५च्या शेल्बी जीटी ३५० या आवृत्तीत ती वापरली गेली, आणि नाव मात्र पडलं ‘शेल्बी ड्रॉप’. आर्निंग यांचं नाव घेणारे आजही थोडेच. (तुमच्याबाबतीत तसं होऊ नये, एवढ्यासाठीही हा खटाटोप.)

तर तेवढं आम्हाला येत होतं. एक आर्म वेल्ड करून आपल्याच गाडीत बसवणं हे या धंद्यातलं सोपं काम. बसला नाही तर आपण फाइल मारतो, कानस घासतो, हातोडी घेतो आणि बसवतोच. पण तोच आर्म पेटीत बंद होऊन अनोळखी माणसाच्या गाडीला जाणार असतो, तेव्हा सोबत आपला हात जात नाही. नोकरीतून निवृत्त झालेला टूलरूमचा, म्हणजे कारखान्याची अवजारं आणि साचे बनवणाऱ्या विभागातला, माणूस आमच्या शेडमध्ये का येऊन बसला, हे मला आजही नीट कळलेलं नाही. पण आलात, आणि पहिल्याच आठवड्यात वेल्डिंगचं टेबल बंद करायला लावलंत. आधी जिग, मग आर्म.

त्या जिगबद्दल लिहायलाच हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं जिग म्हणजे नळ्या धरून ठेवणारा सांगाडा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला स्वतःकडे ओढतो. एका बाजूची शिवण एका दमात मारली की बॉल जॉइंटची (चाकाकडच्या गोल सांध्याची) प्लेट हटलीच म्हणून समजा. तुम्ही शिवणांचा क्रम ठरवून दिलात. आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे टाके), मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. बुशच्या (आर्म ज्यावर फिरतो त्या अस्तराच्या) नळ्यांना शेवटचा रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, वेल्डिंगनंतरच. आणि आर्म जिगमध्येच थंड होऊ द्यायचा. त्यानंतर तुमची ती पिन. ग्राइंड केलेली सरळ पिन दोन्ही बुशांतून एकाच वेळी, नुसत्या बोटांच्या जोराने आरपार गेली तर माल पास. तळहाताने ठोकावी लागली, तर आर्म बाजूला. तुम्ही बाजूला काढलेल्या आर्मवर खडूने काही लिहीत नव्हतात, ओरडतही नव्हतात. फक्त पिन अर्ध्यात अडकलेली तशीच ठेवून चहाला जायचात. आमच्या वेल्डरांवर त्याचा जो परिणाम झाला, तो कुठल्याही सर्टिफिकेटाने झाला नसता. ‘चालतंय की’ हे वाक्य शेडमधून तेव्हा गेलं ते गेलंच.

तक्रारींचंही तसंच. नव्या स्प्रिंग घालूनही गाडी खाली बसत नाही, असे फोन सारखे यायचे, आणि आम्ही स्प्रिंगचं माप पुन्हा पुन्हा तपासत बसायचो. स्प्रिंग बरोबर असायची. तुम्ही एका ग्राहकाला एवढंच विचारलंत की आर्मचे नट आवळले तेव्हा चाकं कुठे होती? चाकं लटकत होती. आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं रबरी बुश गाडी जॅकवर असताना आवळलं, की ते त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की रबराला पीळ बसतो, तो आर्मला खाली ढकलत राहतो, गाडी उंच उभी राहते आणि बुश लवकर फाटतं. आज आमच्या प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर, कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, एक ओळ आहे: रबरी बुशचे नट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. ती ओळ छापल्यावर ते फोन आटले. फोन घेणाऱ्या मुलाला मग आम्ही पॅकिंगवर लावलं, कारण ऑर्डर वाढल्या होत्या.

पण वाढीतला खरा मोठा टप्पा वेगळाच. आमचा जीव शेव्हरोलेच्या कॅमॅरोत अडकलेला, आणि पुढे दरवर्षी एक नवी गाडी यादीत घालायची असा बेत. तुम्ही म्हणालात, गाड्या मोजू नका, खालचे सांगाडे मोजा. १९६७ ते ६९च्या कॅमॅरोचे पुढचे आर्म १९६८ ते ७४च्या नोव्हालाही बसतात. १९६४ ते ७२चा जनरल मोटर्सचा ‘ए-बॉडी’ सांगाडा तर शेव्हरोले शेव्हेलला आहे, पॉन्टिॲक जीटीओला आहे, ओल्ड्समोबील कटलासला आहे आणि ब्युइक स्कायलार्कलाही आहे. वरून चार कंपन्या, चार भक्तमंडळं. एकमेकांच्या गाडीकडे बघणारही नाहीत, पण पुढचा आर्म एकच. एका जिगवर चार गिऱ्हाइकं. गोदामात अडकलेला पैसा यामुळेच सुटला, आणि सुटलेल्या पैशातून नळी वाकवायचं मशीन आलं.

त्या मशीनवर अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारे दांडे) सुरू झाले, तेव्हा पोकळ बारला ग्राहक नाक मुरडायचे. पोकळ म्हणजे कमजोर, असाच समज. तुम्ही काउंटरवर आकडे लिहून ठेवलेत. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे ३० मिलिमीटरच्या बारला आतून २० मिलिमीटरचं पोकळ केलं तरी कडकपणा सुमारे ८० टक्के उरतो आणि वजन मात्र ५६ टक्क्यांवर येतं. तो कागद अजून तिथेच आहे. सेल्सचं आमचं सगळ्यात यशस्वी साहित्य तेच.

आभार मानतोय म्हणून सगळंच गोड लिहीत नाही. तुम्ही माणसं पळवूनही लावलीत. गाडी फक्त जमिनीला टेकलेली दिसावी म्हणून आलेल्यांना तुम्ही सांगायचात की नुसती खाली आणलीत तर रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतं, आणि कडक स्प्रिंग घालूनही ती आधीपेक्षा जास्त कलायला बघते. ते खरंच आहे. पण ते सांगायची तुमची पद्धत! त्यातले काही परत आलेच नाहीत. मला तेव्हा राग आला होता, आणि थोडा अजूनही आहे.

आणि मागच्या चार आर्मचा आपला वाद. ए-बॉडीचे मागचे वरचे आर्म तिरके असतात, त्यामुळे एक चाक वर आणि एक खाली गेलं की आर्मला पीळ घ्यावाच लागतो. तुम्ही स्प्रिंग काढून ॲक्सल एका बाजूने जॅकवर उचलून दाखवलात. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन बुश असताना तो मध्येच अडखळत होता. एका टोकाला गोल फिरणारा जॉइंट घातल्यावर विनातक्रार वर गेला. इथपर्यंत आपलं एकमत. पण तो जॉइंट रोजच्या रस्त्यावर धूळ खाऊन खडखडतो, असं तुमचं म्हणणं. सील बदललं आणि ग्रीसची निपल दिली तर टिकतो, असं माझं. सीलचे नवे नमुने आलेत. शेव्हेल रॅम्पवर चढवून ठेवली आहे. तुमची पिन आणि डायल घेऊन या, आणि यावेळी निकाल लागेपर्यंत चहाला जायचं नाही.

आपला नम्र,
शेडमधला तुमचा शिकाऊ